‘रवी सेड दॅट आय विल कम’ : मराठीत बरोबर असलेले वाक्य इंग्रजीत चूक का ठरते?

प्रश्न : नववीतील मुलीची आई

नमस्कार. माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत नववीत शिकते. नुकत्याच झालेल्या चाचणीत डायरेक्ट आणि इनडायरेक्ट स्पीचच्या पाच वाक्यांपैकी तिची तीन वाक्ये चुकली. गुण गेले याचे मला फारसे वाईट वाटले नाही. परंतु चुकीचे कारण तिने विचारले तेव्हा मला ते सांगता आले नाही, म्हणून हा प्रश्न येथे मांडत आहे.

पहिले वाक्य असे होते : रवी सेड, “आय विल कम टुमॉरो.” तिने त्याचे रूपांतर ‘रवी सेड दॅट आय विल कम टुमॉरो’ असे केले. बाईंनी ‘आय’, ‘विल’ आणि ‘टुमॉरो’ या तिन्ही शब्दांखाली रेघ मारून ‘रवी सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे’ असे उत्तर लिहून दिले. मुलीचे म्हणणे असे की, ‘रवी म्हणाला की मी उद्या येईन’ असे आपण घरात, शाळेत, सगळीकडे बोलतो आणि येणार आहे तो रवी, हे सर्वांना कळते. मग तेच शब्द इंग्रजीत ठेवले तर बिघडते कुठे?

दुसरे वाक्य होते : द टीचर सेड, “द अर्थ मूव्हज राउंड द सन.” पहिल्या चुकीच्या उलट येथे तिने नियम पाळला, ‘मूव्हज’चे ‘मूव्ह्ड’ केले आणि तेही चूक ठरले. तिसरे वाक्य होते : ही सेड टु मी, “व्हेअर डू यू लिव्ह?” त्याचे तिने ‘ही आस्क्ड मी दॅट व्हेअर डू आय लिव्ह’ असे लिहिले.

‘नाउ’चे ‘देन’, ‘टुडे’चे ‘दॅट डे’, ‘यस्टर्डे’चे ‘द प्रीव्हियस डे’ हा तक्ता तिला तोंडपाठ आहे. सर्वनामांसाठी शिकवणीत सांगितलेले एस-ओ-एन हे सूत्रही येते. म्हणजे प्रथमपुरुष कर्त्याप्रमाणे, द्वितीयपुरुष कर्माप्रमाणे आणि तृतीयपुरुष जसाच्या तसा. हे सगळे येत असूनही वाक्य समोर आले की ती गोंधळते, कारण बदल कशासाठी करायचा हेच तिला कोणी सांगितलेले नाही. जाणकारांनी कृपया कारण समजावून सांगावे. आणखी एका तक्त्याची आम्हाला गरज नाही.


उत्तर : निवृत्त इंग्रजी शिक्षक

ताई, नमस्कार. मी माध्यमिक शाळेत अनेक वर्षे इंग्रजी शिकवले आहे आणि ‘ही सेड दॅट आय विल कम’ हे वाक्य प्रत्येक तुकडीत, प्रत्येक वर्षी तपासले आहे. एवढी मुले एकच चूक करतात तेव्हा ती निष्काळजीपणाची चूक नसते. मुले आपल्या भाषेचा नियम प्रामाणिकपणे इंग्रजीला लावत असतात. म्हणून मी आधी मराठीविषयी लिहितो.

मराठीत ‘की’नंतर बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे येऊ शकतात. ‘रवी म्हणाला की मी उद्या येईन’ या वाक्यातला ‘मी’ रवीच्या तोंडचा आहे, ‘उद्या’ही रवीचाच आहे. लिहिताना अवतरणचिन्हे दिलेली नसली तरी आपला कान ती ऐकतो. संदिग्धता उरलीच तर क्रियापद मदतीला येते. समजा, सुमन नावाची मुलगी सांगते आहे, ‘रवी म्हणाला की मी दमलो.’ सांगणारी मुलगी आहे, ती स्वतःविषयी बोलत असती तर ‘दमले’ म्हणाली असती. ‘दमलो’ हे पुल्लिंगी रूप ऐकताच ‘मी’ म्हणजे रवी हे निश्चित होते. इंग्रजी क्रियापदाला लिंग नाही, त्यामुळे ‘आय अ‍ॅम टायर्ड’ या शब्दांवरून बोलणारा मुलगा की मुलगी हे कळण्याचा मार्ग नाही. मराठीला जी सोय आहे ती इंग्रजीला नाही, एवढे मुलीला सांगितले तरी तिचा अर्धा गोंधळ कमी होईल असे मला वाटते.

दुसऱ्याचे शब्द मूळ रूपात सांगायचे आणि ते कुठे संपले हे एखाद्या शब्दाने दाखवायचे, ही आपली फार जुनी रीत आहे. संस्कृतात त्यासाठी ‘इति’ आहे. पेशवेकालीन पत्रांत ‘म्हणोन लिहिले’ असे शब्द वारंवार भेटतात : समोरच्याच्या पत्रातला मजकूर आधी सांगायचा आणि मग ‘म्हणोन लिहिले’ असे जोडून तो मजकूर त्याचा आहे हे स्पष्ट करायचे. मोडी लिपीतल्या त्या पत्रांत आजच्यासारखी विरामचिन्हे नव्हती. मराठीत ती रूढ करण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. म्हणजे अवतरणचिन्ह आपल्याकडे अलीकडचे आहे. ‘असे’, ‘म्हणून’, ‘की’ हे शब्द त्याचे काम आधीपासून करीत होते आणि आजही करतात.

आता इंग्रजीकडे वळू. इंग्रजीत हे काम दोन वेगळ्या साधनांत वाटलेले आहे. अवतरणचिन्हांच्या आत रवी बोलतो. ‘दॅट’ आला की रवीचे बोलणे थांबते आणि सांगणाऱ्याचे बोलणे सुरू होते. ‘रवी सेड दॅट’ येथपर्यंत वाचले की इंग्रजी वाचक पुढचा प्रत्येक शब्द सांगणाऱ्याच्या जागेवरून समजून घेतो. त्यामुळे ‘रवी सेड दॅट आय विल कम टुमॉरो’ हे व्याकरणदृष्ट्या मोडलेले वाक्य नाही. त्याचा अर्थ मात्र ‘मी, म्हणजे हे वाक्य लिहिणारी मुलगी, उद्या येणार आहे असे रवीने सांगितले’ असा होतो. आपल्या मुलीच्या प्रश्नाचे नेमके उत्तर हेच आहे. इंग्रजीत तिचे वाक्य उभे राहते, पण ते दुसऱ्याच माणसाविषयी बोलते.

म्हणून मी वर्गात तक्ता देण्याआधी तीन प्रश्न विचारायला लावत असे : आता सांगतो आहे कोण, तो कुठे आहे आणि त्याच्या लेखी आज कोणता दिवस आहे? एस-ओ-एन हे सूत्र याच प्रश्नांचे पाठांतरासाठी केलेले रूप आहे. रवीच्या तोंडचा ‘आय’ सांगणाऱ्याच्या दृष्टीने ‘ही’ होतो, कारण रवी आता समोर नाही, त्याच्याविषयी बोलले जात आहे. रवी सांगणाऱ्यालाच ‘यू’ म्हणाला असेल तर तो ‘यू’ सांगणाऱ्याच्या तोंडी ‘आय’ किंवा ‘मी’ होतो. सूत्र न आठवताही हे कळते.

काळाचा बदल मराठी मुलांना सर्वांत कठीण जातो, कारण त्याला मराठीत जोड नाही. आपल्या वर्तमानपत्रांतले नेहमीचे वाक्य पाहा : ‘पूल जूनपर्यंत पूर्ण होणार असल्याचे मंत्र्यांनी सांगितले.’ हे अस्सल मराठी अप्रत्यक्ष कथन आहे. यात मंत्र्यांचे मूळ शब्द नाहीत, सांगणारा वार्ताहर आहे, तरीही ‘होणार’ हे रूप भविष्याचेच राहिले, ‘सांगितले’ या भूतकाळाने त्याला स्पर्श केला नाही. हीच बातमी इंग्रजीत ‘द मिनिस्टर सेड द ब्रिज वुड बी कम्प्लीटेड बाय जून’ अशी येते. ‘सेड’ भूतकाळात आहे, म्हणून त्यावर अवलंबून असलेले क्रियापदही एक पायरी मागे जाते : ‘विल’चे ‘वुड’, ‘कॅन’चे ‘कुड’, ‘इज’चे ‘वॉज’, ‘हॅज गॉन’चे ‘हॅड गॉन’. सांगणारे क्रियापद वर्तमानकाळात असेल, म्हणजे ‘रवी सेज’ असेल, तर ही पायरी उतरण्याचे कारणच राहत नाही आणि काळ तसाच राहतो. सर्वनाम मात्र तेव्हाही बदलते.

येथूनच पृथ्वीचे वाक्य समजते. मागे जाण्याचा हेतू असा की, ती गोष्ट त्या वेळच्या बोलण्यापुरती होती, ती आजही खरी आहे अशी ग्वाही सांगणारा देत नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते ही गोष्ट शिक्षक बोलले तेव्हा खरी होती आणि आज मुलगी लिहिते आहे तेव्हाही खरी आहे. तिला मागे ढकलण्याचे प्रयोजन नाही, म्हणून ‘मूव्हज’ तसेच ठेवतात. प्रत्यक्ष व्यवहारात इंग्रजी बोलणारे लोक ही मोकळीक अशा त्रिकालाबाधित सत्यांपुरती राखून ठेवत नाहीत. रवी पुण्यात राहतो असे त्याने काल सांगितले आणि तो आजही तेथेच राहत असेल, तर ‘रवी सेड ही लिव्ह्ज इन पुणे’ हे इंग्रजी निर्दोष आहे. परीक्षेत मात्र सार्वकालिक सत्य सोडून इतर सर्व ठिकाणी काळ मागे न्यावा, कारण तेथे तपासणारा त्याच एका गोष्टीची परीक्षा घेत असतो.

तिसऱ्या वाक्यात दोन चुका आहेत आणि दोन्हींची मुळे वेगळी आहेत. ‘आस्क्ड मी दॅट व्हेअर’ यातला ‘दॅट’ पुन्हा मराठीतल्या ‘की’मधून आला. ‘त्याने विचारले की तू कुठे राहतोस’ या वाक्यात ‘की’ सहज बसतो. आपला ‘की’ विधान, प्रश्न, आज्ञा यांपैकी कशाच्याही आधी उभा राहतो. इंग्रजीतला ‘दॅट’ फक्त विधानाआधी येतो. प्रश्न ‘व्हेअर’, ‘व्हाय’, ‘हाउ’ अशा शब्दाने सुरू होत असेल तर जोडण्याचे काम तोच शब्द करतो, आणि उत्तर हो किंवा नाही असे येणारे असेल तर ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ घ्यावे लागते. दुसरी चूक शब्दक्रमाची आहे. मराठीत प्रश्न करताना शब्दांची जागा बदलावी लागत नाही, ‘का’ किंवा ‘कुठे’ घातले की झाले. इंग्रजीत थेट प्रश्न करताना ‘डू’ कर्त्याच्या आधी येतो, ‘इज’ कर्त्याच्या आधी येतो. पण ‘ही आस्क्ड मी’ असे म्हटल्यावर सांगणारा कोणाला प्रश्न विचारत नाही, प्रश्न विचारला गेल्याची माहिती देतो. म्हणून क्रम पुन्हा विधानाचा होतो, ‘डू’ जातो आणि प्रश्नचिन्हही जाते. उत्तर : ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड’.


उत्तर : सहकारी संस्थेतील कर्मचारी

वरील उत्तरात सरांनी सांगितलेला ‘आय’चा घोटाळा मी स्वतः केलेला आहे, म्हणून लिहितो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात संचालक मंडळाच्या सभेचे इतिवृत्त इंग्रजीत लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. एका सभेत अध्यक्षांनी, प्रकृतीच्या कारणामुळे मी पुढील महिन्यात पद सोडणार आहे, असे सांगितले. मी ‘द चेअरमन सेड दॅट आय विल रिझाइन नेक्स्ट मंथ’ असे लिहिले. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचले गेले तेव्हा एका ज्येष्ठ संचालकांनी विचारले की, या वाक्याप्रमाणे राजीनामा अध्यक्ष देणार आहेत की इतिवृत्त लिहिणारा? त्यांनी ते रागाने विचारले नव्हते, परंतु दुरुस्तीचा ठराव करून ते वाक्य बदलावे लागले. ‘नेक्स्ट मंथ’ही चूकच होते, कारण इतिवृत्त वाचले गेले तेव्हा पुढचा महिना उजाडलेला होता. दुरुस्त वाक्य ‘द चेअरमन सेड दॅट ही वुड रिझाइन द फॉलोइंग मंथ’ असे झाले. तेव्हापासून ‘टुमॉरो’, ‘नेक्स्ट वीक’ असे शब्द मी शक्यतो तारीख लिहूनच टाळतो. अधिकृत कागदावर तेच सुरक्षित असते.

इतिवृत्ताच्या निमित्ताने एक माहिती देतो, जी मुलीला कदाचित आवडेल. ब्रिटिश संसदेच्या कामकाजाचा हॅन्सार्ड नावाचा वृत्तांत एकोणिसाव्या शतकात बऱ्याच अंशी अप्रत्यक्ष कथनात, म्हणजे सदस्य अमुक म्हणाले आणि त्यांना तमुक वाटत होते, अशा तृतीयपुरुषी रूपात छापला जात असे. १९०९ पासून तो अधिकृतपणे आणि शब्दशः नोंदवला जाऊ लागला, म्हणजे प्रत्यक्ष कथनाकडे गेला. एकाच सभागृहाचे जुने आणि नवे वृत्तांत शेजारी ठेवून वाचले तर ‘ही वुड’ आणि ‘आय विल’ यांतला फरक कोणत्याही स्वाध्यायापेक्षा चांगला दिसतो.


उत्तर : प्राथमिक शिक्षिका

आज्ञार्थी वाक्यांविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. या प्रकारात मराठीच मुलांना वाट दाखवते, पण ते मुलांच्या लक्षात आणून द्यावे लागते. ‘आईने मला अभ्यास करायला सांगितले’ हे आपण रोज म्हणतो. त्यातले ‘करायला’ हे रूप इंग्रजीतल्या ‘टु डू’च्या जागी अगदी नेमके बसते : ‘मदर टोल्ड मी टु स्टडी’. नकारासाठी ‘न जायला सांगितले’ म्हणजे ‘टोल्ड मी नॉट टु गो’. ‘मदर टोल्ड मी दॅट स्टडी’ असे लिहिणाऱ्या मुलाला ‘करायला’ या रूपाने वाक्य म्हणायला लावले की तो स्वतःच दुरुस्ती करतो, असा माझा अनुभव आहे.

सांगण्याचा सूरही मराठीतूनच शोधावा. बजावले, विनवले, सल्ला दिला, हुकूम दिला, मनाई केली या शब्दांतला फरक मुलांना घरच्या बोलण्यामुळे ठाऊक असतो. त्यांच्या जोडीला ‘वॉर्न्ड’, ‘बेग्ड’, ‘अ‍ॅडव्हाइज्ड’, ‘ऑर्डर्ड’, ‘फॉरबेड’ हे शब्द ठेवावेत. ‘फॉरबेड’मध्ये नकार आधीच असल्याने त्यानंतर ‘नॉट’ घ्यायचे नाही, एवढी एक सूचना मात्र द्यावी लागते. ‘लेट्स गो’ असे वाक्य आले तर ते सुचवणे असते, तेव्हा ‘सजेस्टेड’ किंवा ‘प्रपोज्ड’ घ्यावे.

‘सेड मी’ आणि ‘टोल्ड टु मी’ या दोन चुकाही येथेच होतात. मराठीत ‘मला म्हणाला’ आणि ‘मला सांगितले’ या दोन्ही ठिकाणी ‘मला’ एकच आहे. इंग्रजीत ‘सेड’ला ऐकणाऱ्यापूर्वी ‘टु’ लागतो आणि ‘टोल्ड’ला लागत नाही.


पुन्हा प्रश्न : नववीतील मुलीची आई

आपणा सर्वांचे मनापासून आभार. सरांचे उत्तर मी मुलीला वाचून दाखवले. ‘दमलो’ आणि ‘दमले’ हे उदाहरण ऐकून तिने स्वतःहून वहीत चार वाक्ये लिहिली आणि प्रत्येकात ‘मी’ कोण ते मला विचारले. पहिल्या आणि तिसऱ्या वाक्याची शंका पूर्ण फिटली.

आता तिच्या वहीतून दोन नव्या शंका निघाल्या आहेत. पहिली शंका अशी की, ‘हिअर’चे ‘देअर’ आणि ‘टुमॉरो’चे ‘द नेक्स्ट डे’ नेहमीच करायचे का? समजा, मैत्रीण आज सकाळी याच घरात येऊन “आय विल कम हिअर टुमॉरो” असे म्हणाली आणि मुलगी मला आज संध्याकाळी याच घरात ते सांगते आहे, तर ‘देअर’ म्हणणे तिला विचित्र वाटते. दुसरी शंका ‘मस्ट’ची आहे. काही स्वाध्यायांत त्याचे ‘हॅड टु’ केलेले आहे, काहींत ‘मस्ट’च ठेवलेले आहे. यापैकी बरोबर काय?

शेवटी एक प्रश्न माझा स्वतःचा. अप्रत्यक्ष कथनाने सगळे सांगता येते, तर प्रत्यक्ष कथन केवळ गोष्टींच्या पुस्तकांसाठी आहे का?


उत्तर : न्यायालयीन कागदपत्रांचे अनुवादक

आपल्या शेवटच्या प्रश्नाला माझ्या कामातून उत्तर देता येईल. मी मराठी फिर्यादी, जबान्या आणि निकाल यांचा इंग्रजी अनुवाद करतो. आपल्या न्यायालयांत साक्षीदाराची जबानी साधारणपणे प्रश्नोत्तरांच्या रूपात न लिहिता सलग निवेदनाच्या रूपात नोंदवली जाते. त्या निवेदनातला ‘मी’ म्हणजे साक्षीदार. या ‘मी’च्या आत दुसऱ्या कोणाचा ‘मी’ आला की अनुवादकाची कसोटी लागते.

‘आरोपी मला म्हणाला की मी तुला बघून घेईन’ हे अशा कागदपत्रांत नेहमी भेटणारे वाक्य घ्या. पहिला ‘मला’ साक्षीदाराचा आहे, नंतरचा ‘मी’ आरोपीचा आहे आणि ‘तुला’ पुन्हा साक्षीदाराला उद्देशून आहे. याचे तक्त्याप्रमाणे ‘द अक्यूज्ड टोल्ड मी दॅट ही वुड सी मी’ असे रूपांतर केले तर सर्वनामे बरोबर येतात, काळ बरोबर येतो आणि धमकी मात्र नाहीशी होते. वाचणाऱ्याला वाटेल की आरोपी भेटायला येणार होता. ‘ही थ्रेटन्ड मी’ असे लिहिले तर धमकी राहते, पण ती धमकी होती हा निष्कर्ष आरोपीच्या शब्दांवरून मी काढलेला असतो, आणि तो निष्कर्ष काढण्याचा अधिकार न्यायाधीशांचा आहे, माझा नाही. म्हणून अशा ठिकाणी मूळ मराठी शब्द अवतरणचिन्हांत जसेच्या तसे ठेवून त्यांचा अर्थ शेजारी द्यावा, या मताचा मी आहे.

अप्रत्यक्ष कथनात सांगणारा आपल्या जागेवरून बोलतो हे सरांनी सांगितलेच आहे. त्याचा दुसरा भाग असा की, त्यात सांगणाऱ्याची समजही मिसळते. ‘नको’ या एका शब्दाचे ‘रिफ्यूज्ड’ होऊ शकते, ‘डिक्लाइन्ड’ होऊ शकते, ‘प्रोटेस्टेड’ही होऊ शकते, यांपैकी कोणता शब्द निवडायचा ते सांगणारा ठरवतो. जेथे कोणी काय म्हटले यावर एखाद्याचे भले-बुरे अवलंबून असते, मग ते न्यायालय असो, वार्तांकन असो किंवा घरातला वाद असो, तेथे प्रत्यक्ष कथनाला पर्याय नाही. आपल्या मुलीने रूपांतर शिकावेच. त्याबरोबर रूपांतरात काय हरवते हेही ती पाहत गेली तर तिला दोन्ही प्रकार खऱ्या अर्थाने समजतील.


उत्तर : निवृत्त इंग्रजी शिक्षक

अनुवादक महोदयांचे उत्तर वाचून समाधान वाटले. सर्वनामे बरोबर येऊनही अर्थ निसटतो याचे इतके चांगले उदाहरण मला वर्गात कधी सुचले नव्हते.

ताई, ‘हिअर’ आणि ‘टुमॉरो’ यांविषयी आपल्या मुलीला जे विचित्र वाटले ते योग्यच आहे. त्याच घरात, त्याच दिवशी सांगायचे असेल तर ‘शी सेड शी वुड कम हिअर टुमॉरो’ हेच बरोबर आहे, कारण सांगणारीच्या दृष्टीनेही ती जागा ‘येथे’ आहे आणि तो दिवस ‘उद्या’ आहे. पहिल्या उत्तरात लिहिलेले तीन प्रश्न विचारले की हे आपोआप कळते. मग स्वाध्यायात सरसकट ‘देअर’ आणि ‘द नेक्स्ट डे’ का करायला सांगतात? कारण सुट्या वाक्यात सांगणारा कुठे आहे आणि केव्हा सांगतो आहे याची माहिती दिलेली नसते, म्हणून तो दूर आहे आणि काही काळानंतर सांगतो आहे असे गृहीत धरतात. हे गृहीतक पुस्तकांत बहुधा लिहिलेले नसते. मला विचाराल तर प्रत्येक स्वाध्यायाच्या माथ्यावर ते छापले पाहिजे, कारण ते ठाऊक नसल्यामुळे मुलांना वाटते की ‘देअर’ हे ‘हिअर’चे भूतकाळी रूप आहे, असे उत्तर मला एका मुलाने वर्गात खरोखर दिले होते आणि त्याचा दोष मी त्याला देऊ शकलो नाही.

‘मस्ट’चे दोन अर्थ वेगळे केले की शंका फिटेल, आणि ते वेगळे करण्यासाठीही मराठीचा आधार घेता येतो. “यू मस्ट गो” म्हणजे ‘तुला गेलेच पाहिजे’. ही सक्ती आहे, म्हणून तिचे ‘ही सेड आय हॅड टु गो’ असे होते. “यू मस्ट बी टायर्ड” म्हणजे ‘तू दमला असशील’; हा अंदाज आहे, येथे ‘हॅड टु’ घातले तर दमण्याची सक्ती केल्यासारखा अर्थ होईल, म्हणून ‘ही सेड आय मस्ट बी टायर्ड’ असेच ठेवावे. मराठीत ‘पाहिजे’ येते की ‘असशील’, हे मुलीने मनात म्हणून पाहावे. सक्तीच्या अर्थानेही इंग्रजीत ‘मस्ट’ तसाच ठेवलेला आढळतो आणि तो चूक नाही, विशेषतः नियम आजही लागू असेल तेव्हा. परीक्षेत मात्र ‘हॅड टु’ लिहिणे सोयीचे. ‘कुड’, ‘वुड’, ‘शुड’ आणि ‘माइट’ ही रूपे मागे जात नाहीत, ती तशीच राहतात.

‘शॅल’विषयी कोणी विचारलेले नाही, परंतु पुढच्या चाचणीत ते येण्याचा संभव आहे म्हणून सांगतो. “शॅल आय ओपन द विंडो?” म्हणजे ‘मी खिडकी उघडू का?’ मराठीतले ‘उघडू का’ हे विचारणे परवानगीचे किंवा मदतीचे आहे, भविष्याचे नाही. म्हणून येथे ‘वुड’ न घेता ‘ही आस्क्ड इफ ही शुड ओपन द विंडो’ असे करावे.

साध्या भूतकाळाचे ‘हॅड’ युक्त रूप करण्याचा नियमही आंधळेपणाने लावू नये. “आय वॉज बॉर्न इन १९८५” या वाक्याचे ‘शी सेड दॅट शी हॅड बीन बॉर्न इन १९८५’ असे रूपांतर नियमाला धरून आहे, पण इंग्रजी कानाला ते जड वाटते; वर्ष दिलेले असल्याने कोणती घटना आधीची हे ठरवायला ‘हॅड’ची गरज राहत नाही आणि ‘शी सेड शी वॉज बॉर्न इन १९८५’ असेच लोक लिहितात. याउलट “आय लॉस्ट माय की” असे कोणी म्हणाले तर ‘शी सेड शी हॅड लॉस्ट हर की’ असे लिहिणे आवश्यक वाटते, कारण किल्ली बोलण्याच्या आधी हरवली हे ‘हॅड’वरूनच कळते.

मुलीला सरावासाठी सुटी वाक्ये देऊ नका. घरात जेवताना झालेले दोघा-तिघांचे बोलणे तिला आधी मराठीत, अवतरणचिन्हांसह लिहायला सांगा. मग तेच ‘असल्याचे सांगितले’, ‘करायला सांगितले’, ‘का ते विचारले’ अशा मराठी अप्रत्यक्ष रूपात लिहायला सांगा. आणि त्यानंतरच इंग्रजीत न्यायला सांगा. मधली मराठी पायरी बहुतेक शिकवण्यांत वगळली जाते. ती घेतली की ‘मी’ आधीच बाजूला झालेला असतो, प्रश्नाचे विधान झालेले असते, आज्ञेचे ‘करायला’ झालेले असते, आणि इंग्रजीत गेल्यावर तिच्याकडे मुख्यतः क्रियापदाचा काळ तेवढा पाहायचा राहतो. तिने लिहिलेला एखादा संवाद येथे टाकलात तर मी तो आनंदाने तपासून देईन.